कानांचं सोंग

४ जून

पुन्हा तेच! लेक बोलते आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघतो.

आज खाटावाल्या कंपनीचे खरेदीसाहेब आले होते. ते दवाखान्यांना खाटा पुरवतात, खाटांखालची चाकं आमची. कारखान्याचं निम्मं काम त्यांच्या जिवावर. जुना करार संपत आलाय, नवा व्हायचाय. लेकीनं सगळं नीट मांडलं — नवं रबर, आवाज कमी, फरशीवर डाग नाही. साहेब मान डोलवत होते, पण माझ्या दिशेनं! तिनं विचारलं, "पहिला माल तुम्हाला कधी हवाय?" उत्तर मला — "काका, महिन्याभरात जमून जाईल ना?"

वर्ष झालं मी खुर्ची सोडून. केबिनच्या दारावर तिचं नाव, कागदांवर तिची सही. मी कोपऱ्यात बसून चहा पितो, पेपर वाचतो. तरी येणाऱ्याची मान कोपऱ्याकडेच वळते.

निघताना साहेब जिन्यात थांबून हळूच म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो. पण शेवटी ठरवणार तुम्हीच ना?"

मी म्हटलं, तीच ठरवते. ते हसले. मी विनोद केला असं वाटलं त्यांना.

७ जून

संध्याकाळी बॉयलर येऊन बसला. शेजारच्या कारखान्याचा मालक. चटकन तापतो म्हणून सगळे त्याला बॉयलर म्हणतात, तोंडावरसुद्धा.

"अरे, कारखाना आतून बघू दे तिला. पण बाहेरचा व्यवहार? बाईमाणसाशी कोणी मोकळेपणानं बोलत नाही रे."

"तुझी बायको बोलते ना तुझ्याशी मोकळेपणानं?"

"बोलते की! म्हणून तर रोज इथे येऊन बसतो."

मला हसू आलं. लेक दारातच उभी होती. ती नाही हसली.

९ जून

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, कोणी आलं की तुम्ही गप्प बसत जा."

"गप्पच तर असतो!"

"तोंड गप्प असतं. चेहरा नसतो. मी आकडा सांगितला की तुमची भुवई वर जाते, आणि ते लोक भुवईशी बोलतात."

आता भुवईला कुलूप कुठून लावू?

१० जून

सुचलं! बहिरा व्हायचं. कान गेले म्हणून सांगायचं. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला कोण काय विचारणार? झक मारून तिच्याशी बोलतील.

कान गेले म्हणायला जिवावर येतं खरं. आजवरचा सगळा धंदा कानांवर केला. हातगाडी गल्लीच्या तोंडाशी आली की तिचं कुठलं चाक रडतंय ते मला घरात कळायचं. पळत जाऊन तेच चाक बदलून द्यायचो. तिथून इथवर आलो.

बायकोला सांगितलं. म्हणाली, "सोंग कशाला? मी बोलते ते तुम्हाला कधी ऐकू आलंय?" लेक म्हणाली, "दोन दिवसांत तोंड उघडाल." पण नको म्हणाली नाही.

१२ जून

आम्हाला कच्चं रबर पुरवणारा रबरवाला आला. लेकीनं सांगितलं, बाबांना हल्ली ऐकू येत नाही. "अरेरे!" म्हणाला. आणि थेट माझ्या कानाशी येऊन ओरडायला लागला — "काका! माल! सोमवारी! पाठवू! का?"

लेक म्हणाली, "मला सांगा. मला ऐकू येतं."

तिच्याकडे बघून गोड हसला. खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवली! मी ती तिच्याकडे सरकवली. त्यानं दुसरी लिहिली.

हात टेकले. बहिऱ्यापुढे घसा फोडतील, पण ऐकणाऱ्या बाईशी बोलणार नाहीत.

१४ जून

चिठ्ठ्यांचा ढीग. एकही तिच्या नावाची नाही.

१८ जून

डोकं भणभणतंय. सगळं लिहून काढतो.

खरेदीसाहेब आले, बरोबर एक हाताखालचा. लेक नमुना आणायला खाली गेली. मी पेपर वाचतोय, शिवाय बहिरा. मग काय, दोघं मोकळे सुटले.

"उद्या लग्न झालं की संपलं हिचं."

"जावई बसेल की खुर्चीवर. तोवर म्हातारा धड राहिला म्हणजे मिळवली."

पेपरचं एकच पान धरून बसलो. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. म्हातारा सावकाश वाचतो, त्यात कोणाला काय संशय!

ती वर आल्यावर साहेब म्हणतात, "वा मॅडम, कारखाना काय स्वच्छ ठेवलाय!" स्वच्छ! तीन वर्षं खपून तिनं ते रबर बनवलं, आणि कौतुक कशाचं, तर केरवाऱ्याचं.

मग मुद्दा निघाला. माल महिन्याभरात हवा. लेक म्हणाली, दोन महिने लागतील. "हे रबर भट्टीतून काढल्यावर पडून राहू द्यावं लागतं. घाई केली तर चाक एका बाजूनं चपटं होतं. वर पेशंट असतो, साहेब."

"फार घाबरता बुवा तुम्ही. काकांच्या वेळी असं नव्हतं."

"काकांच्या वेळी रबर वेगळं होतं. दोन महिने. जमत नसेल तर दुसरीकडे बघा."

आवाज चढवला नाही, की खाली आणला नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग वळले आणि माझ्या कानात — "काका! ऐका! पोरगी! ऑर्डर! घालवतेय!"

मी म्हटलं, "हो हो, चहा घ्या ना!"

ते गेल्यावर लेक खुर्चीत मागे रेलली आणि पोटभर हसली. बऱ्याच दिवसांनी.

२० जून

साहेबांकडून काही निरोप नाही. बॉयलर सांगून गेला, ते दुसऱ्या चाकवाल्याकडे चौकशी करतायत. खाली कामगारांत कुजबुज आहे. निम्मं काम गेलं तर लोक काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय — बाई बसवली आणि बुडाले!

दुपारी राहवलं नाही. ती भट्टीपाशी असताना साहेबांना फोन लावला. म्हटलं, महिन्याभरात देतो. माझा शब्द.

"वा काका! फोनवर बरं ऐकू येतं हो तुम्हाला!"

किती वेळ हसत होते.

तिच्यासाठीच केलं.

२१ जून

तिला साहेबांचा निरोप आला — काकांशी बोलणं झालंय, महिन्याचं पक्कं.

कोपऱ्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्ही हो म्हणालात?"

"अगं, ऑर्डर हातची जात होती..."

"बाबा, त्या दिवशी मी नाही म्हटलं ना, तेव्हा त्या माणसानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!"

एवढंच बोलून खाली गेली.

२३ जून

साहेबांनी फोनचा किस्सा गावभर केलेला दिसतोय. बॉयलर टाळ्या वाजवतच आत आला. "मानलं तुला! बहिरा होऊन बसलास आणि सगळं आतून चालवतोयस! पोरगी नुसती पुढे उभी. सगळीकडे हेच चाललंय."

माझी तार सटकली. "रबर तिनं शोधलं. कर्जासाठी बँकेला तिनं पटवलं. मी वर्षभर फक्त चहा प्यालोय!"

"हो हो, चहाच!" म्हणाला आणि डोळा मारला.

रबरवाल्यानंही फोनवर तेच — "काका, आमच्यापासून कसली लपवाछपवी?" जितकं नाही म्हणावं, तितके जास्त डोळे मारतात. आजवर तिनं जे जे केलं, ते सगळं एका फोननं माझ्या नावावर जमा झालं!

२४ जून

लेक जेवायला खाली आली नाही. बायको म्हणाली, "बसा आता पेपर वाचत."

२६ जून

लेकीनं केबिनमध्ये बोलावलं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या खुर्चीत बसवलं. फोरमन उभा होता. म्हणाली, "कंपनीला कळवलंय, महिन्याचा शब्द कारखान्याचा नाही. दोन महिने, नाहीतर करार नाही. आणि बाबा, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

फोरमन माझ्याकडे बघायला लागला. मी काय म्हणतो म्हणून! तोसुद्धा!

मी उठून बाहेर पडलो.

करार राहिला की गेला ते आता घरी बसून कळणार. तेही, तिनं सांगितलं तर.