आधी वाचू द्या

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. फोनवर तू "जेवलीस का?" एवढंच विचारतेस, म्हणून पत्र लिहिते. जेवते गं. मेसची भाजी गोड असते, पण पोट भरतं.

आमच्या इंग्रजीच्या देवरे मॅडम पुस्तक उघडतच नाहीत. बातम्यांवर, कायद्यांवर भांडायला लावतात, तेही इंग्रजीतून. पहिला आठवडा माझं तोंडच उघडलं नाही. आता "आय डिसॲग्री" छान जमतं. मेसच्या भाजीला रोज म्हणते.

काल वर्गात ग्रामपंचायत भरवली. मॅडम ग्रामसेवक, मी तुझ्यासारखी सदस्य. त्यांनी ठरावाची कोरी वही पुढे केली आणि मी झटकन सही ठोकली! तू ओट्यावर करतेस तशीच. मॅडमनी सहीच्या वर लिहिलं, 'गावची शाळा विकायची ठरली', आणि मोठ्यानं वाचलं. वर्ग हसून लोळला. मीही हसले, पण मला तुझ्या सह्या आठवल्या.

वही पुन्हा आली तेव्हा मी उभी राहिले. "आय वुड लाइक टू रीड इट फर्स्ट." आई, काय टाळ्या पडल्या!

गुडघ्याला तेल लावतेस ना? शेळी व्याली का?

आपले ग्रामसेवक भाऊसाहेब वही घेऊन आले की त्यांना बसव, चहा दे, चष्मा लाव आणि म्हण, "आधी वाचू द्या." बाबा हसले तर हसू देत. मराठीतच म्हण. इंग्रजीत मी म्हणून बघितलंय, कुणी रागावत नाही.

तुझीच,
सृष्टी