भिंत कमरेएवढीच राहील

मी, मथुराबाई भ्र. हिंमतराव मगर, वय अडुसष्ट, धंदा शेती व भाजीपाला, राहणार मौजे बाभळखेड, तालुका तुळजापूर, जिल्हा उस्मानाबाद, माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते आणि गावचे निवृत्त शिक्षक व्यंकट मास्तर ते लिहून घेतात. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. मी सांगेन त्यातला शब्द गाळायचा नाही, असे मास्तरांना बजावले आहे.

मला मूलबाळ नाही. पती वारल्यावर राहते घर, कोरडवाहू जमीन आणि घरापुढची रस्त्याकडेची बाग माझ्या नावावर झाली. तिन्हींची वाट मी इथे लावून जाते.

कलम १. घर आणि जमीन माझ्या दिराचा मुलगा उत्तरेश्वर तात्याराव मगर याला मिळावी. माझे दुखले-खुपले की तो बैलगाडी जुंपून मला नळदुर्गच्या दवाखान्यात नेतो, हे मी विसरलेली नाही. तो गावच्या सोसायटीचा संचालक आहे आणि माझ्या बागेच्या जागी सोसायटीचे खताचे गोदाम बांधून रस्त्याच्या बाजूने पुरुषभर उंच भिंत घालायचा त्याचा बेत आहे, हेही मी विसरलेली नाही. बाग त्याला मिळणार नाही.

कलम २. बाग म्हणजे एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्ता, वांगी-मिरचीचे वाफे, मोगरा आणि रस्त्याच्या बाजूची दगडी भिंत. भिंत कमरेएवढी आहे. डेअरीला दूध घालायला जाणारा सगळा गाव तिच्या कडेने जातो. माणसे दुधाचे कॅन भिंतीवर टेकवतात आणि बोलतात. मी खुरपत असते. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या मुलीला पाहुणे आले, सोसायटीचे बियाणे कोणाच्या घरी आधी गेले, ते मला इथेच कळते. उत्तरेश्वरची बायको सुमनबाई सासरी मान खाली घालून वावरते. या भिंतीपाशी मात्र पोट धरून हसते. मास्तर म्हणाले, हे मृत्युपत्रात येत नाही, चतुःसीमा तेवढी सांगा. मी म्हटले, चतुःसीमा तलाठ्याकडे आहे. हे त्याच्याकडे नाही, म्हणून लिहा.

डेअरीचे चेअरमन आबाराव रोज बोलता बोलता दोन-चार मिरच्या तोडून खिशात घालतात आणि मला दिसले नाही असे समजतात. मला दिसते. माझ्यामागे त्यांना मिरचीची रोपे द्यावीत आणि ती त्यांनी स्वतःच्या दारात लावावीत.

कलम ३. आता बाग कोणाची, ते सांगते. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ उघडा पडला. गावातल्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. टँकरच्या पाण्याने भरलेल्या बिंदगीत संध्याकाळी जो घोटभर उरेल, तो माझ्या झाडांना ओतून जा, अशी मी येणारीजाणारीला विनवणी केली. बाया ओतू लागल्या. एका संध्याकाळी बौद्ध वस्तीतल्या कडूबाई रामा बनसोडे आल्या आणि बिंदगी धरून भिंतीबाहेर उभ्या राहिल्या.

"अक्का, ओतू का?"

"इचारता काय, ओता."

त्यांनी पाणी लिंबाच्या बुडाशी ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझे दीर तात्याराव दारात. "वहिनी, त्या लिंबाचं फळ आमच्या घरात चालायचं न्हाय."

"नका खाऊ भावजी. झाडाला लई हलकं वाटंल."

त्यानंतर बाकीच्या बायांनी पाणी ओतायचे सोडले, थांबायचेही सोडले. खाली माना घालून जायच्या. तो सबंध उन्हाळा भिंतीपाशी एकट्या कडूबाई थांबल्या. दिवसभर खडी फोडून आलेली बाई घोटभर पाणी ओतायची आणि मला विचारायची, "आज काय खाल्लं अक्का?" मी सरकारी वाटपाची सुकडी खाल्ली म्हणायचे, त्याही सुकडीच म्हणायच्या, आणि आम्ही दोघी हसायचो. वांगी आणि मोगरा जळून गेला. लिंबू, शेवगा आणि कढीपत्ता वाचला. पाऊस झाल्यावर सगळ्या परत आल्या आणि लिंबेही मागू लागल्या. मी दिली. तात्याराव मात्र मरेपर्यंत माझ्या घरचे पाणी प्यायले नाहीत. त्यांच्यावरचा राग माझ्याकडे शाबूत आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, सोबत नेणार आहे.

कलम ४. सबब माझ्यामागे बाग कडूबाई रामा बनसोडे यांच्या मालकीची होईल. त्यांना आधी विचारले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. "फुकटची जागा म्या घेत न्हाय अक्का. उद्या गाव म्हनंल, हिनं म्हातारीला भुलवलं." मास्तरांनी मसुद्यात "दयाबुद्धीने देते" असे घातले होते. ते वाचून दाखवताच कडूबाईंनी खोडायला लावले. "पाणी म्या घातलंय, ते लिवा. तरच घेते." त्यांचे बरोबर आहे. म्हणून लिहिले जावे की ही जागा दया, दान किंवा उपकार म्हणून दिलेली नाही. त्यांनी ती जगवली, म्हणून ती त्यांची. अट एकच: भिंत कमरेपेक्षा उंच करायची नाही, आणि तिथे थांबून बोलणाऱ्याला कोणी हटकायचे नाही.

उत्तरेश्वर या कलमाविरुद्ध कोर्टात गेला, तर कलम १ रद्द समजावे आणि घर व जमीनही कडूबाईंना जावी. त्याने पुरता विचार करावा.

सह्यांच्या वेळी वाढवलेला मजकूर. सह्या घरात न करता बागेच्या भिंतीवर, सकाळी डेअरीच्या वेळेला करायच्या असे मी ठरवले, म्हणजे मागाहून कोणी कानावर हात ठेवू नयेत. सगळ्यांदेखत मी अंगठा उठवला. शेजारचे कल्याणप्पा यांनी लगेच साक्ष घातली. तेवढ्यात उत्तरेश्वर येऊन उभा राहिला आणि दुसरा साक्षीदार मिळेना. एकाला गाईची आठवण झाली. आबारावांचा चष्मा घरी राहिला होता.

"काकू, एका साक्षीवर मृत्युपत्र होत नसतंय," उत्तरेश्वर म्हणाला. ते खरे आहे, आणि माझा अंगठा शाईने काळा तसाच राहिला होता. आता कोणी पुढे आले नाही तर सगळे वाया जाणार, या विचाराने मला रडू आले. मी ते दिसू दिले नाही.

माणसांच्या मागून सुमनबाई पुढे आली. तिने भरलेला कॅन भिंतीवर टेकवला आणि पदराला हात पुसले.

"मास्तर, कुठं करू सही?"

"सुमन, घरी चल."

"येते की. तवर दूध तुमी घालून या, नासंल."

उत्तरेश्वर जागचा हलेना. सुमनबाईने मास्तरांच्या हातातला पेन घेतला. मग त्याने कॅन उचलला आणि तो डेअरीच्या रस्त्याने गेला.

स्थळ: बागेची भिंत, मौजे बाभळखेड
दिनांक: ११ फेब्रुवारी १९८३
लिहिणार: व्यंकट मास्तर, सांगितल्याबरहुकूम

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: मथुराबाई भ्र. हिंमतराव मगर

साक्षीदार:
कल्याणप्पा बसप्पा पाटील
सुमनबाई भ्र. उत्तरेश्वर मगर