आषाढातले कडक ऊन

पालघर
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रदीप यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकडे सगळं ठीक आहे असं मी धरून चालते, कारण बिघडल्याशिवाय तुला बहीण आठवत नाही. हे पत्र तेजलच्या हाती पाठवतेय. बिचारी बोईसरहून रोज कोळगावच्या कचेरीत येते आणि मी नणंद असून तिला टपालवाली करते. फोनवरच लिहिलं असतं, पण संध्याकाळनंतर तुझा फोन तुझ्या लेकीच्या हातात असतो आणि मजकूर तिच्याचबद्दल आहे. सोबत आईने मुरब्याहून पाठवलेले सुके बोंबील आहेत. पिशवीला वास आला तर निम्मा पत्राचा समज.

आमच्या कॉलेजात सध्या ‘स्वयंअध्ययन’ नावाची साथ आहे. वर्गात एक तास शिकलं तर घरी दोन तास मुलांनी आपणहून अभ्यास करावा, गावात हिंडावं, माणसांशी बोलावं आणि चाळीस पानांचा प्रकल्प आणून द्यावा, असं वरून आलं आहे. त्याखाली मी सही करायची, की हा अभ्यास विद्यार्थ्याने स्वतः केला. तो शब्द ऐकला की आता माझ्या तोंडाला पाणी सुटतं, पण ओकारीआधी सुटतं तसं.

काल आपल्या जागृतीचा प्रकल्प हाती आला. विषय, सुक्या मासळीचा व्यापार. मला वाटलं, चला, निदान एक तरी पोर घरचं काही लिहील. त्यात काय लिहिलंय ते ऐक. जुलै महिन्यात संशोधिका होडीतून खोल समुद्रात गेली. परत आल्यावर तिने आषाढातल्या कडक उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या महिलांच्या मुलाखती घेतल्या. प्रदीप, तुझा बाप तांडेल होता, जन्मभर होडी चालवली त्याने. जुलैत आपल्या होड्या कुठे असतात? किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली. हेच ऊन आणि याच महिला पुढे उमरोळीच्या एका मुलीच्या आणि माकुणसारच्या एका मुलाच्या प्रकल्पातही भेटल्या. आईला सांगितलं तर ती म्हणाली की आषाढात बोंबील सुकवणारी बाय मला दाखवा, मी तिच्या पाया पडेन.

यावर मी सही करणार नाही. सही नाही तर तिला गुण नाहीत, गुण नाहीत तर वर्ष गेलं, आणि तुझ्या कंपनीच्या ऑफिसात तिला जूनपासून लागणारी नोकरीही गेली. म्हणून आधी कळवतेय. महिनाअखेरीपर्यंत तिला स्वतः लिहून आणू दे.

राग आला तर येऊ दे, माया मात्र भरतीचीच ठेव.

तुझी,
चंद्रकांताताई


बोईसर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोंबील पोचले. पत्रही पोचलं आणि बोंबलांपेक्षा जास्त खारट निघालं.

तू पोरीवर उगाच चिडलीस. तो प्रकल्प मीच आणला. रात्रपाळी सुटल्यावर स्टेशनाजवळच्या बन्सी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तिथे तुमच्या कॉलेजची एवढी पोरं रांगेत होती की मला वाटलं वर्ग तिथेच भरतो. बन्सीने हिंदीतून विचारलं, फक्त नाव बदलायचं की गावही बदलायचं. मी म्हटलं, गाव मुरबे टाक. महिना त्याने स्वतःच टाकला, कारण तुमच्या छापील पहिल्या पानावर कालावधी जुलै असा आहे. आता बन्सी बिहारचा माणूस, त्याला आषाढात आमचा समुद्र कसा असतो ते काय माहीत. आणि मला माहीत असून मी वाचलं नाही हे कबूल. पण ताई, तू वाचशील हे तरी कोणाला माहीत होतं? तुमच्यात कोणी वाचत नाही असं सगळं बोईसर म्हणतं.

राहिली स्वयंअध्ययनाची गोष्ट. जागृती सकाळी कॉलेजात, दुपारी टॅलीच्या क्लासला, संध्याकाळी तिची आई कोळगावहून येईपर्यंत स्वयंपाकात. त्यावर तुम्ही आणखी दोन तास म्हणताय. ते दोन तास कुठून आणायचे तेही परिपत्रकात लिहा ना. आमच्या प्लांटमध्ये सेफ्टीचं रजिस्टर असतं. सगळे पाहणी न करता सही करतात आणि प्लांट चालतो. तूही कर. घरचीच पोर हाय, परकी नाय.

तेजलने नमस्कार सांगितला आहे आणि नणंदेचं टपाल पुढच्या वेळी पाकिटात असावं असंही.

रागावलीस तरी धाकट्याला धाकटाच समज.

तुझा,
प्रदीप


पालघर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रदीप यास आशीर्वाद, पण मोजकेच.

तुझं सेफ्टीचं रजिस्टर वाचल्यापासून बोईसरकडून वारा आला की मी खिडकी लावून घेते.

मी विभागप्रमुखांकडे गेले होते. एकच प्रकल्प वर्गातल्या निम्म्या मुलांनी दिलाय म्हटलं. ते शांतपणे म्हणाले की म्हणजे निम्म्या मुलांचं एकमत आहे, संशोधनात हे दुर्मीळ असतं. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला प्रेमाने विचारलं की मॅडम, तुम्ही वाचत कशाला बसता, पानं मोजायची, समिती पानं मोजते. त्यांच्या कपाटात अशा बांधलेल्या प्रतींची चळत आहे. वाळवीने बऱ्याच खाल्ल्यात. आमच्या कॉलेजात स्वयंअध्ययन कोणी मनापासून केलं असेल तर ते तिनेच.

माझं ठरलं ते ठरलं. भाची म्हणून सही दिली तर उद्या उमरोळीच्या मुलीला कोणत्या तोंडाने नाही म्हणू? जागृतीला सांग, आत्याकडून सवलत मिळणार नाही. स्वतः लिही म्हणावं, चार ओळी लिही, पण खऱ्या लिही. आजच्या पोरांना घाम गाळायलाच नको, हे दुखणं आहे.

प्रकृतीला जप. बाकी लोभ तुझ्याकडे आहेच, अक्कलही थोडी ठेव.

चंद्रकांताताई


बोईसर
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पप्पांनी तुझी दोन्ही पत्रं माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, तुझं तू निस्तर. म्हणून लिहितेय. इतकं लांब पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय, चुका दिसतील तर गुण कापू नकोस.

आत्या, प्रकल्प मी केला होता. जुलैत आजीकडे राहायला गेले होते ना, तेव्हाच. बोंबील सुकवणं तेव्हा नसतंच, म्हणून जे असतं ते लिहिलं. आजी गेल्या हंगामाची सुकी मासळी दमट हवेत कशी सांभाळते, ती बाजारात कधी काढते, कधी मुद्दाम रोखून धरते, शेजारचा देवूकाका जाळी विणताना बायकांकडून उधारीच्या कोणत्या गोष्टी ऐकतो, सगळं. सतरा पानं झाली, हाताने लिहिलेली. आलेख नव्हता, गृहीतकं नव्हती, कारण आजीला तिची गृहीतकं विचारली तेव्हा तिने मला कोळंबी सोलायला बसवलं.

सप्टेंबरात ते वर्गाच्या गठ्ठ्यात दिलं. तेव्हा वर नाव नाही, फक्त हजेरी क्रमांक लिहायचा असा नियम होता. चार दिवसांनी परत आलं. आत एकही खूण नव्हती. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, पाने कमी, नमुन्याप्रमाणे पुन्हा करावे. खाली सही होती. ती सही मी लहानपणापासून वाढदिवसाच्या पाकिटांवर बघत आलेय.

नमुना कुठे मिळतो असं वर्गात विचारलं तर सगळ्यांनी बन्सीचं नाव सांगितलं. मला पुन्हा लिहायचा कंटाळा आला, हे खरं आहे. बन्सीची प्रत घरी आल्यावर आषाढातलं ऊन मी पहिल्याच रात्री वाचलं. खोडणार होते. मग म्हटलं राहू दे. आपल्या घरातलं कोणी वाचलंच तर तिथे अडकेल.

सतरा पानं सोबत पाठवतेय. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पप्पांवर रागावू नकोस, ते रांगेत उभे राहिले होते.

तुझ्या मायेवर हक्क अजून आहे असं धरून,

तुझी,
जागृती


पालघर
२९ एप्रिल २०२५

चि. जागृतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला दोन महिने लावले. तुझी पानं वाचायला एक संध्याकाळ पुरली, बाकीचा वेळ ती लाल ओळ पुन्हा पुन्हा बघण्यात गेला. अक्षर माझंच आहे. घाम न गाळणाऱ्या पोरांबद्दल तुझ्या बापाला जे लिहिलं होतं, ते पत्र त्याने जाळलं नसेल तर जाळायला सांग.

आता बातमी. तुझी सतरा पानं घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, या मुलीचा प्रकल्प हा आहे. त्यांनी पानं हातावर तोलली, मासळी बाजारात तोलतात तशी, आणि चाळीस नाहीत म्हणाले. मी ऐकेना. तेव्हा त्यांनी शिपायाला बोलावून बन्सीच्या प्रतीतली तेवीस पानं मागे शिवून घेतली आणि म्हणाले की झालं, दोघांचंही समाधान. मी सही केली ती सतराव्या पानाच्या खाली, शेवटी नव्हे. ते कोणी पाहिलं नाही. उमरोळीच्या मुलीला आणि बाकीच्यांना मी पुन्हा लिहायला लावणार होते, पण त्यांच्या प्रतींवर दुसऱ्याच कोणाची सही झाली आणि तिथे माझं काही चाललं नाही.

काल बाहेरचे परीक्षक आले. जेवण चांगलं होतं. त्यांनी तुझा प्रकल्प मागून पुढे चाळला, पुढपर्यंत काही पोचले नाहीत. तुला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले आहेत. शेऱ्यात लिहिलं आहे, आषाढातल्या कडक उन्हातील वाळवणीचे वर्णन प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले व विशेष प्रशंसनीय. समितीपुढे वाचून दाखवायला तुझाच प्रकल्प निवडलाय, तीच तेवीस पानं. नोकरी तुझी झाली असं समज. मी घरी आले आणि साबणाने हात धुतले. उपयोग झाला नाही.

तर तुझी ती सतरा पानं आता परत पाठवतेय, झेरॉक्स काढून. ही मात्र मी तपासली आहेत. माझ्याकडून तुला पन्नासपैकी एकतीस. उधारीच्या गोष्टी अर्ध्यावर सोडल्या आहेस, देवूचं बोलणं तू सुधारून लिहिलं आहेस, ते तो बोलतो तसंच हवं होतं. आणि पान नऊवर तू लिहितेस की आजी बोंबलाला मीठ लावते. माझ्या आठवणीत आईने बोंबलाला कधी मीठ लावलं नाही, तो नुसत्या वाऱ्यावर सुकतो. एक तर तू चुकलीस, नाहीतर मी तिच्या हाताखाली इतकी वर्षं राहून काही पाहिलं नाही. माझ्यावरून आता माझाही भरवसा उडाला आहे.

निकालाआधी मुरब्याला जा, आजीला विचार आणि मला लिहून कळव. पानांची अट नाही.

तुझी,
आत्या