साहेब, आता रुजू व्हा

प्रिय साहेब,

हसू नकोस. हा मायना मी पूर्ण शुद्धीत लिहिला आहे; का, ते शेवटी सांगते. भाऊजी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस. घरी आले तर तुझी जाऊ दारातूनच सांगते की झोपली आहे. झोप बापडे. पत्र उशाशी पडून राहील, कधीतरी उघडशील.

इकडे विद्यापीठात पदनामांचा घोळ चालू आहे. कुणाला काय म्हणायचं हे ठरवायला समिती नेमली आणि नेहमीप्रमाणे ती माझ्या गळ्यात पडली. सह, उप, सहायक आणि अतिरिक्त यांत मोठं कोण, यावरून शिकलेली माणसं इतकी भांडली की चहा गार होऊन गेला. 'लिपिक' कुणालाच नको. वाहन विभागातल्या गृहस्थांना संचालक व्हायचंय. ताब्यात मोटार एक, तीही ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. वसतिगृहाच्या बाईंना 'अधीक्षक' म्हटलं की तुरुंग आठवतो. शेवटी कुलसचिवांनी वैतागून नियम काढला, की ज्याच्या हाताखाली निदान दोन माणसं, तोच व्यवस्थापक. मग काय, जो तो माणसं गोळा करत सुटला. बागेतल्या एका माळ्यावर तीन विभागांनी हक्क सांगितला, आणि त्याला बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन हे सगळं सांगावं, तर सासूबाई म्हणतात, पद राहू दे, दूध आणलंस का? आणलेलं नसतं.

थकले गं. अंगाने नाही, या शब्दांनी थकले.

मग तुझ्या टेबलाची पाळी आली. निकालानंतर मुलं रडत येतात ते टेबल. त्याला धड नाव कधी नव्हतंच. एका प्राध्यापकांनी विचारलं, या बाई नेमकं करतात काय? फेरतपासणीचे अर्ज घेतात, म्हटलं. ते तर संगणकही घेतो, असं ते म्हणाले. तू आधी पाणी देतेस, मग गुणपत्रिका हातात घेऊन 'चल, बघू' म्हणतेस, घरून फोन आला तर मुलाच्या वतीने तूच बोलतेस. हे कुठल्या पदनामात बसवायचं? तू रजेवर, हाताखाली कुणी नाही, तेव्हा रद्द करावं असं बहुतेकांचं मत पडलं. बाईंची कुठेतरी सोय लावू, म्हणाले. सोय म्हणजे तळघरातल्या जुन्या फायली, हे तुला वेगळं सांगायला नको.

सध्या त्या टेबलावर मीच बसते. मला जमत नाही. परवा एक मुलगी हुंदके द्यायला लागली आणि मी तिला अर्जाची शेवटची तारीख सांगितली. ती गेल्यावर माझाच मला राग आला. आपण नोकरीला लागलो तेव्हा दोघींत मिळून एकच खुर्ची होती, आठवतं? संध्याकाळी भाऊजी तुला न्यायला फाटकाशी उभे असायचे, आणि वाकडी वाट करून आधी मला सोडायचे. फाटकाजवळून जाताना मी अजून खाली बघून चालते.

तर आता ऐक, हे सगळं कशासाठी. परीक्षा विभागाचं व्यवस्थापकपद माझ्यासाठी धरलं होतं. मी नको म्हणून लिहून दिलं. तुझ्या टेबलाला 'विद्यार्थी साहाय्य विभाग' असं नाव घातलं, व्यवस्थापक म्हणून तुला दाखवलं, आणि तुझ्या हाताखाली दोन माणसं दाखवली: शिपाईकाका आणि मी. नियम त्यांचाच, बोलतात काय? कुलसचिवांनी सही केली. पण पहिल्या तारखेला तू रुजू झाली नाहीस तर विभाग रद्द आणि आम्ही दोघं तळघरात. याला त्यागबिग म्हणू नकोस, मला ऐकवणार नाही. मला तुझ्याशिवाय तिथे करमत नाही, एवढंच. आणि भाऊजींसाठी मी अजून रडलेले नाही. घरी जमत नाही, तुझ्याकडे मला आत घेत नाहीत. आख्ख्या विद्यापीठात रडायला जागा एकच आहे गं, आणि तिथे सध्या मलाच बसवलंय. ये, आणि तुझ्या खुर्चीत बस. मला समोरच्या बाजूला यायचंय.

तुझीच,
आणि आता लेखी हुकुमाने तुझ्या हाताखालची