कावळ्यासमोर कबूल केलेली बोट

३ नोव्हेंबर, सोमवार

बोटवाला लागला एकदाचा! चौथ्या फोनला. केसरीनाथ नाव, मालवणचा. मी म्हटलं, अख्खी बोट हवी — सहा डिसेंबर, शनिवार, पाच माणसं, स्कूबा करायचंय. तर म्हणतो, “भिवंडीसून काय? बाई, भिवंडीकरांचो अनुभव आसा आमका. बोट अडवतत आणि ऐन टायमाक नाय म्हणतत. गेल्या वर्साच्या दिवाळीत असोच एक—”

तिथेच तोडलं. म्हटलं, दुसऱ्याचं मला सांगू नका, मी येणार म्हणजे येणार. गोडाऊनमध्ये दिवसभर ट्रकवाल्यांशी भांडून जीभ अशी झालीय माझी.

डोक्यावरून तांब्या ओतताना मी डोळे मिटून देवाचं नाव घेते. आणि समुद्राच्या तळाला जायची बोट ठरवतेय!

पण शब्द दिलाय. तोही जिवंत माणसाला नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल लिहायचं टाळलं. आज लिहिते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

जीवन — माझा धाकटा भाऊ — जानेवारीत गेला. हायवेला कंटेनरने बाईक उडवली. आमच्यात तेव्हा तीन महिने बोलणं नव्हतं. दसऱ्याला भांडलो होतो. वळची, माहेरची शेवटची जमीन गोडाऊनला द्यायची होती आणि त्याला माझी हक्कसोडीवर सही पाहिजे होती. सगळ्या बहिणी देतात, तशी. मी नाही म्हटलं. शब्दाला शब्द वाढला आणि मी बोलून गेले — “तानसेत माझा हात सोडलास, तसाच आता पण सोड!”

मी नऊ वर्षांची, तो सात. वज्रेश्वरीला तानसा नदीत उतरलो होतो हात धरून. त्याने सोडला. मी खाली गेले. नवशा काकाने केसाला धरून वर काढलं. नवशा काका म्हणजे बाबांबरोबर आमची शेती करणारा, दिघाशीच्या पाड्यावरचा. तेव्हापासून मला पाणी नको. त्या दिवसाबद्दल जीवन कधीच बोलायचा नाही. मीही नाही. बोलले ती थेट दसऱ्याला.

गेल्या वर्षी भाऊबीजेला माहेरी गेले नाही. त्याचे सकाळपासून तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. सहीसाठीच असणार म्हटलं.

तर दहावा. त्याच तानसेच्या काठी. पिंड मांडला, कावळा येईना. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेत, बघतायत, पण एक खाली उतरेल तर शपथ! आई म्हणाली, “पोराला तुझ्या शिकवीन रं, जा तू.” नाही. हेमाली, त्याची बायको, रडत रडत काहीतरी बोलली. नाही. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. आत्या तर कानाशीच — “सहीचं बोल गो, सहीचं! त्यातच जीव अडकलाय त्याचा.”

मला कळत होतं. तरी तोंडातून ते निघेना. मी भलतंच बोलले. जीवन तीन वर्षं मोबाइलवर स्कूबाचे व्हिडिओ बघायचा, एकदा अख्खी बोट घेऊन समुद्राखाली जायचं म्हणायचा. मी हात जोडून मोठ्याने म्हटलं, “तुझी बोट राहिली ना? मी नेईन. मी स्वतः उतरेन.”

कावळा आला! पिंडावर बसला, चोच मारली, उडाला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी सुटले.

सुटले कसली. वर्षश्राद्धाच्या आत जायचं आहे.

६ नोव्हेंबर

कावळा आज परत आला. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या खिडकीच्या गजावर. पोळी टाकली, घेतली नाही. नुसता बघत बसला.

९ नोव्हेंबर, रविवार

फॉर्म आला व्हॉट्सअ‍ॅपवर. प्रत्येकाचा वेगळा नाही, एकाच कागदावर सगळ्यांची नावं आणि पुढे प्रश्न. दमा? रक्तदाब? कान दुखतो? केसरीनाथ म्हणाले, प्रिंट काढून पेनाने भरा, सही करा, फोटो पाठवा.

नावं लिहिली. मी. कुमार — नवऱ्याला नाही म्हणायची सोय ठेवली नाही. हेमाली. ऑफिसातली रोशनी, आमच्यात पोहता येणारी एकटीच. नवशा काका — उतरणार नाही, पण बोटीत पाहिजे. ज्याने एकदा वर काढलं तो जवळ असलेला बरा.

शेवटचा प्रश्न : पाण्याची भीती आहे का?

पेन तिथेच अडलं. ‘आहे’ लिहिलं आणि त्यांनी उतरूच दिलं नाही तर? मग शब्दाचं काय?

‘नाही’ लिहिलं. खोटं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सराव चालू! बादलीत तोंड घालायचं, तोंडाने श्वास सोडायचा. पहिल्या दिवशी तीनपर्यंत मोजलं. आज अकरा. कुमार दारात उभा राहून म्हणतो, “बादलीत मासे दिसले का?” हसले मी. बऱ्याच दिवसांनी.

पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. पाण्यात डोळे मिटले की उजव्या हाताला कुणीतरी धरल्यासारखं वाटतं. छोटा हात. आणि मग तो सुटतो. रोज सुटतो. मी धडपडून तोंड वर काढते, सगळ्या बाथरूमभर पाणी.

केसरीनाथ फोनवर समजावतात, “घाबरू नको गो, आमचो माणूस खाली सगळो टायम धरून ऱ्हवता. सोडणा नाय.” चांगलं आहे. पण माझा अनुभव वेगळा आहे!

१३ नोव्हेंबर

कावळा. पुन्हा. रोशनी म्हणाली, ताई, एवढ्या कावळ्यांत तुम्हाला तोच कसा ओळखू येतो?

येतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

वळला गेले. हेमालीला प्रवासाचं सांगायला म्हणून — खरं म्हणजे विचारायला. घरामागे आता दोन्ही बाजूंना गोडाऊनचे पत्रे, मधे आमचा तेवढा तुकडा उरलाय. गवत कमरेइतकं. आई ओटीवर बसून वाल सोलत होती. म्हणाली, “भाऊबीजेला चंद्राला ओवाळलंस का गो?” म्हटलं, तूच तर म्हणालीस वर्ष सरल्याशिवाय काही करू नको. “हां. न्हाय करायचं,” म्हणाली, आणि परत वाल.

हेमाली भांडी घासत होती. तिच्या शेजारी बसून विचारलं, जीवन शेवटी माझ्याबद्दल काही बोलायचा का?

तिने राख लावलेला हात तसाच थांबवला. “खरं सांगू ताई? तुमचं नाव निघालं का उठून बाहेर जायचा. दिवाळीनंतर तं जास्तच. मी इचारलं तं बोलला, मी केलं माझ्याकडून, आता विषय नको.”

“काय केलं?”

“न्हाय माहीत. सहीचंच कायतरी असंल.” मग परत घासायला लागत — “पण कावला शिवला ना तुमच्या बोलण्यावर? आमच्या कुणाच्या न्हाय, तुमच्याच शिवला. मंग राग कसला ठेवलाय त्यानं?”

हे एवढंच तर माझ्याजवळ आहे. दहा महिने मी ह्याच्यावर जगतेय. तो रागावून गेला असता तर माझ्या शब्दावर कावळा आला असता का? नसता आला.

स्कूबाचा मास्क त्याच्या कपाटात होता, ऑनलाइन मागवलेला, पिशवीतून न काढलेला. हेमालीने दिला. बोटवाल्याचं कार्डही तिनेच दिलं होतं मागे, त्याच्या पाकिटातलं.

१९ नोव्हेंबर

बादली : बावीसपर्यंत. हात सुटला, पण मी तोंड काढलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिघाशीला जाऊन आले. जायला नको होतं.

नवशा काका अंगणात बसला होता, टोपली विणत. मी बोटीचं सांगितलं. गाडीने नेऊ, आणू, तुम्हाला पाण्यात उतरायचं नाही, नुसतं बसायचं. तो ऐकत राहिला. हातातली बांबूची कांबट बाजूला ठेवली.

“तू उतरनार? तुला पानी सोसत न्हाय.”

म्हटलं, शब्द दिलाय काका. कावळ्यासमोर दिलाय.

त्याची बायको, सखी काकी, चहा घेऊन आली तर तिला त्याने हाताने परत पाठवलं. मग म्हणाला, “तवा मी एक केला व्हता. आता न्हाय सांगितला तं तू पान्यात मरशील.”

पिंडाखाली बोंबील होता. सुका बोंबील! भाकरीबरोबर बांधून आणलेला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी हात जोडून डोळे मिटले, तेव्हा ह्याने तो पिंडाच्या बुडाला सरकवला. भटजी दर्भात गुंतलेले. कुणाला दिसलं नाही.

“सगली तुला खायला उठल्यावानी बघत व्हती गो. पोर उभीच्या उभी थरथरते. मी बोललो, कावल्याला काय, वास आला का येल. आला.”

मी ओरडले. त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले! दहाव्याच्या पिंडाला मासा? तुम्हाला कुणी सांगितलं होतं? त्याने कांबट परत उचलली. एवढंच म्हणाला, “एकदा केसाला धरून काढली. तवा पन दुखला असंल तुला.”

परत येताना वज्रेश्वरीला बस थांबली. प्रसादाची दुकानं, नारळ, गरम पाण्याच्या कुंडातून ओले केस घेऊन येणाऱ्या बायका. नदीकडे बघितलं नाही.

म्हणजे कावळा आलाच नव्हता. बोंबलाला आला होता. माझ्या शब्दाला कुणी हो म्हटलेलं नाही. जीवन रागातच गेला, मीच दहा महिने स्वतःची समजूत घालतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खिडकी बंद करून डबा खाल्ला. गजावर आवाज येत होता.

संध्याकाळी केसरीनाथांना फोन करून बोट रद्द केली. ते चिडले नाहीत, त्यानेच मला रडू आलं. म्हणाले, “काय झाला गो? बरा नाय काय?” मग काय, परक्या माणसाला सगळं सांगितलं. भाऊ गेला. त्याच्यासाठी होती बोट. आता नको. त्याला नकोच असणार माझ्या हातून काही.

त्यांनी विचारलं, “भावाचा नाव काय तुझ्या?”

जीवन, म्हटलं. वळचा. भिवंडीजवळ.

“थांब,” म्हणाले. “गेल्या वर्साच्या दिवाळीतलो तो... मी तुका पयल्या दिवशी सांगत होतंय, तू बोलाक दिलं नाय. त्येनी पण बोट सांगलेली. आदल्या दिशीच रद्द केल्यान. बघतंय, फॉर्म मोबाइलात गावलो तर धाडतंय.”

म्हटलं, राहू दे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

केसरीनाथांना कळवलं, बोट परत धरा, मी येतेय. माझ्या फॉर्ममधलं ‘नाही’ खोडा. हे आधी लिहिते.

दुपारी फोटो आला. तोच फॉर्म, पेनाने भरलेला. जीवनचं वेडंवाकडं अक्षर. बोटीची तारीख ४ नोव्हेंबर, गेल्या वर्षीच्या भाऊबीजेचा दुसरा दिवस. अख्खी बोट आणि नावं दोनच — त्याचं, खाली माझं. माझं वय दोन वर्षांनी वाढवलंय गाढवाने.

पाण्याची भीती आहे का? माझ्या नावापुढे लिहिलंय : ‘आहे. माझ्यामुळे. हात मी धरणार, वर येईपर्यंत सोडणार नाही.’

ते तीन फोन ह्यासाठी होते.