झोक्याची फांदी

अमळनेर,
चैत्र वद्य षष्ठी, शके १८६०

प्रिय अभिमन,

तुझा सालदार चिंधा काल करवत आणून देऊन गेला. ‘पोचली’ एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं. पण ती ज्या अवस्थेत पोचली ते पाहून माझं डोकं फिरलं आहे, तेव्हा पुढचं निमूट वाच.

लांब दांड्याची ही करवत मी मुद्दाम करून घेतली होती. शाळेच्या आवारातल्या चिंचेची एखादी वाळकी फांदी काढायची, तर दरवेळी झाडावर चढणारा पुरुष शोधत बसावं लागू नये म्हणून. तू न्यायला आलास तेव्हा तुला आवारात उभं करून सगळं दाखवलं होतं आणि तू पान चघळत ‘हो अक्का, हो अक्का’ करत होतास. तिचे दात मागे, आपल्याकडे वळलेले आहेत. ती ओढताना कापते, वर ढकलताना नुसती सरकते. तू ढकलताना जोर लावलास आणि पातं वाकवलंस. पात्याच्या बुडाशी आकडा आहे, तो अडकलेली फांदी खाली ओढण्यासाठी. त्याला लोंबकळून तू तो सरळ करून टाकलास. बांबूचे दोन तुकडे ज्या लोखंडी नळीत बसतात, तिचा स्क्रू कुठे गेला? त्या जागी सुतळी! वर पातं डुगडुगत असताना तू त्याखाली उभा राहिलास आणि डोकं शाबूत आहे, ही माझ्या भावजयीची, धुरपदाची पुण्याई. तुझी अक्कल नव्हे.

हे सगळं मी गिळलं असतं. पण दातांच्या खाचांत ओला, चिकट भुसा गच्च बसला होता. तू सांगितलं होतंस की अंगणातल्या झोक्याच्या वर एक वाळलेली फांदी आहे, अखाजीच्या सणाला पोरी झोक्यावर बसल्या की एखादीच्या डोक्यात पडेल. वाळलेल्या लाकडाचा भुसा पिठासारखा झडून जातो, अभिमन. तो असा चिकटत नाही. मी चिंधाला विचारलं. तो विहिरीकडे बघत म्हणाला, “अक्का, वाळेल फांदी तशीच शे. भाऊनी झोकानीच कापी टाकी.” मी म्हटलं, का रे? तर म्हणतो, “मोठ्या लोकेस्ना मी काय इचारू? पन बठ्ठं आंगन उघडं पडी गयं.”

त्यातही आधी खालून थोडी चीर पाडायची, मग वरून कापायचं, हे तू केलं नाहीस. फांदी स्वतःच्या वजनाने फाटली आणि खोडाची साल हातभर सोलत खाली आली, असं चिंधा सांगत होता. ज्या फांदीवर आपण दोघं वाढलो, जिच्यावर तुझी प्रमिला दरवर्षी गौराईची गाणी म्हणत आभाळाला पाय लावायची, ती तू धडधाकट असताना तोडलीस. आणि गल्लीत सांगितलंस की कीड लागली होती!

कीड कुणाला लागली आहे ते मला कळतं. जावई जाऊन वर्ष झालं. अखाजीला पोरीला माहेरी आणायचं, तर ती झोक्याजवळ जाणार. चार बायका म्हणणार, विधवेने झोक्यावर बसू नये. मग तुला एकतर त्या बायकांना गप्प करावं लागलं असतं, नाहीतर स्वतःच्या लेकीला ‘उतर’ म्हणावं लागलं असतं. तुला दोन्ही जमणारं नव्हतं. म्हणून झोकाच नको, सण नको, आणि तिला आणायला धुळ्याला, तिच्या सासरी मुराळी पाठवायलाही नको. पोरीचं दुःख बघवत नाही म्हणून तिच्याकडेच बघायचं नाही, याला माया म्हणत असशील तर म्हण. मी पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा याच गल्लीने आपल्या आबांना काय काय ऐकवलं होतं! आबांनी ऐकून घेतलं आणि मला स्टेशनवर पोचवायला आले. त्यांच्याच पोटचा तू.

आता पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. आज सकाळच्या मोटारीने मी धुळ्याला गेले आणि प्रमिलाला घेऊन आले. तिची सासू भली बाई आहे, तिने सांजोऱ्या बांधून दिल्या. प्रमिलाने गाठोडं कधीचंच बांधून ठेवलं होतं. तिने दारातच विचारलं, “आत्या, तुम्हाला बाबांनी पाठवलं ना?” मुलींना खोटं बोलू नका म्हणून आयुष्यभर शिकवलं मी. तिला म्हटलं, हो, त्यानेच पाठवलं. तो स्वतःच निघाला होता, पण ताप आला. अखाजीला नक्की येतो म्हणाला आहे. ती मोटारीत सगळी वाट बोलत होती. वर्षभर ती कुणाशी धड बोलली नव्हती, असं निघताना तिची सासू म्हणाली होती. इथे चिंचेला दोर बांधायचा आहे आणि तो बापानेच बांधायचा असतो, असं तिनेच मला ऐकवलं. तेव्हा अखाजीला धुरपदाला घेऊन सकाळच्या गाडीने ये. आणि स्टेशनवर उतरताना जरा अशक्त दिस.

तुझ्यावर अजून रागावलेली, पण तुझीच,
अक्का