मीठराज्याची सून, चार तुकड्यांत

तीर्थरूप आत्यास,

समुद्राला दार असतं का? मी विज्ञानाची पदवीधर आहे, आणि तरीही या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. 'नसतं' एवढं म्हणून भागत नाही. मी तसं म्हणून पाहिलं. विचारणारा माणूस तुझा भाऊ आहे, त्याने उभा जन्म दारं आणि खिडक्या बनवण्यात घालवला आहे, आणि तो शांतपणे विचारतो, "तू पाहिलास का समुद्र?" मी नाही पाहिलेला. आपल्या घरात कोणीच नाही पाहिलेला. मग बाबा पुन्हा रंधा मारायला लागतात आणि मी हरल्यासारखी उभी राहते.

नमस्काराच्या आधी प्रश्न टाकला, रागावू नकोस. साष्टांग नमस्कार. (पत्रात तुला 'तुम्ही' म्हणायचं ठरवलं होतं, पण दोन ओळी लिहिल्या तर दुसऱ्याच कोणाच्या आत्याला लिहितेय असं वाटलं, म्हणून खोडल्या.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून आवाज येतो का? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा त्याबद्दल खोटं लिहू नकोस. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे तब्येतीने ठीक आहेत. बाकीचं सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवर सांगता आलं नसतं, कारण आपल्या घरात फोन एकाने केला तरी बोलतात चौघं, आणि गेल्या वेळच्या माझ्या फोनने तुझ्याकडे काय गोंधळ झाला तो तुला आठवत असेलच. त्याचाही खुलासा पुढे येतो.

तुला आठवतं, निकाल लागला तेव्हा मी म्हणाले होते की या शिक्षणाचा उपयोग आधी घराला झाला पाहिजे? तू म्हणालीस, "आधी घर झाड, मग उपयोग कर." मी दोन्ही केलं. घरातल्या जुन्या फोनवर (तोच, काच तडकलेला, जो आता फडताळात पिठाच्या डब्याशेजारी असतो) मी ऐकायच्या पुस्तकांचं ॲप घेतलं. माझा विचार असा होता की आईला दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची असते, बाबांचे हात लाकडात, दादाचे डिलिव्हरीच्या गाडीच्या चाकावर. डोळे आणि हात कामात असले तरी कान रिकामेच असतात. रिकाम्या कानांत ज्ञान घालावं. मी निवडून निवडून पुस्तकं घेतली: नागरिकांचे हक्क, पाठीचे आजार, थोर शास्त्रज्ञांची चरित्रं, मातीचे प्रकार. सगळ्यांना समोर बसवून फोन कसा वापरायचा ते समजावलं. त्रिकोण दाबला की माणूस बोलायला लागतो, दोन रेघा दाबल्या की गप्प बसतो. बाकी कशालाही बोट लावायचं नाही, नाहीतर बिघडेल. दादा म्हणाला, "आईला बसवून घे की अशा दोन रेघा." आईने त्याला गरम इस्त्री दाखवली. तिथे माझं व्याख्यान संपलं.

आता माझा दोष नसताना घडलेली गोष्ट. ॲपवाल्यांनी मी न मागता एक पुस्तक भेट दिलं. नाव 'मीठराज्याची सून'. समुद्रकाठच्या दीपगृहात दिवा लावणारा एक म्हातारा, त्याची एकुलती एक मुलगी, आणि समुद्राच्या तळाशी राज्य करणारा एक राजा, ज्याला खांद्यापासून कोपरापर्यंत खवले आहेत आणि तरी तो देखणा आहे. तळाशी एक दार आहे, ते मोठ्या भरतीला उघडतं. वाचणारा एक जाड आवाजाचा गृहस्थ आहे, तो मुलीचेही संवाद त्याच आवाजात म्हणतो, त्यामुळे "माझ्या केसांत शिंपले माळ ना" हे वाक्य एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने हुकूम सोडावा तसं ऐकू येतं. असलं काही घरात नको, म्हणून काढून टाकण्याआधी दर्जा तपासावा, या हेतूने मी थोडं ऐकलं. दर्जा खराब होता. खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना पुन्हा ऐकलं. मग रोज खात्री करून घेऊ लागले.

इथून माझं डोकं चालेनासं झालं. आदल्या दिवशी ती मुलगी खडकावर बसून राजाला "कोण तू?" असं विचारत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्रिकोण दाबला तर ती त्याच्याच महालात सासूशी मिठावरून भांडत होती. लग्न कधी झालं, कोणी लावलं, बापाने होकार दिला का, काही पत्ता नाही. आत्या, मी शिकलेली मुलगी. मला वाटलं हे काही आधुनिक तंत्र असणार. लेखिकेने काळ मुद्दाम तोडला आहे, मधल्या जागा ऐकणाऱ्याने भरायच्या आहेत. मी तर ॲपवर अभिप्रायसुद्धा लिहिला: 'कथनातल्या धाडसी उड्या मनाला भिडल्या.' खाली कोणीतरी विचारलं आहे, 'कुठल्या उड्या?' त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्याच सुमारास मला नोकरीचं बोलावणं आलं. ते तुला आईने कळवलंच आहे. मासेमारांच्या मुलांची शाळा, विज्ञान शिकवायचं, राहायला शाळेचीच एक खोली, आणि खिडकीतून समुद्र. इथून गाडीने पुरता एक दिवस. मला वाटलं बाबा पेढा मागतील. लहानपणापासून तेच म्हणायचे ना, "शीक, लांब जा, माझ्यासारखी भुशात राहू नकोस." पण बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते मधूनच प्रश्न विचारायला लागले. खोली कुठल्या मजल्यावर? खाऱ्या हवेत बिजागऱ्या किती टिकतात? भरतीच्या वेळी तिथले लोक दारं आतून लावतात की बाहेरून? आणि पाण्याखालचं दार सागवानी असलं तरी फुगणारच, मग ते उघडत कसं असेल? मी म्हटलं, "बाबा, पाण्याखाली दार कशाला असेल?" तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तेच तर मला कळत नाही."

शाळेच्या मोठ्या बाईंना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्यामुळे नोकरीसाठी घर सोडणारीही मीच पहिली ठरणार होते, आणि बाबांच्या मनाविरुद्ध पाऊल उचलायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. (तत्त्व म्हणून. शिवाय माझी ट्रंक त्यांच्या माळ्यावर आहे आणि शिडी फक्त त्यांनाच लावता येते.) त्यात कामाच्या खोलीत ते शिसवीचा एक जाड दांडा घासत बसलेले दिसले. मी विचारलं, कोणाचा? म्हणाले, "आहे एका गिऱ्हाइकाचा." मग मला विचारलं, "तुझ्या त्या खोलीचं दार रुंदीला किती?" मला काहीही कळलं नाही. कळायला हवं होतं, असं आता वाटतं.

रविवारी जेवताना दादा एकाएकी म्हणाला, "समुद्राजवळची माणसं दगाबाज. समोर गोड बोलतात आणि मागून भाला मारतात." आई म्हणाली, "सगळी नसतात तशी. तो धाकटा किती गुणी आहे." बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "धाकटा गेला." आईच्या हातातला डाव आमटीत पडला. "कधी?" "आज दुपारी." आणि आई रडायला लागली, आत्या! दादाचा घास हातातच राहिला. मी विचार केला, आपल्या सगळ्या नात्यात धाकटा म्हणून ज्याला हाक मारतात तो एकच, धाकटे काका. मी उठले, आणि उष्ट्या हाताने तुला फोन केला. पुढचं तुला माहीत आहे. काका तुझ्याच घरी पाटावर बसून तिसऱ्यांदा भात वाढून घेत होते आणि मी तुला विचारत होते की शेवटी त्यांना फार त्रास तर झाला नाही ना. त्यांनी फोन घेऊन "मी कसा गेलो ते मलाही सांग" असं म्हटलं, ते मला जन्मभर ऐकावं लागणार आहे.

गेलेला धाकटा म्हणजे मीठराजाचा धाकटा भाऊ.

तेव्हा कुठे उलगडा झाला. घरातला प्रत्येक जण माझ्यापासून चोरून तेच पुस्तक ऐकत होता. दादा "माझा चार्ज संपलाय" म्हणून तो फोन गाडीत न्यायचा. आई इस्त्रीच्या टेबलाखाली, घड्या घातलेल्या चादरीत ठेवायची. बाबा मोजमापासाठी फोनचा दिवा लागतो म्हणायचे (तडकलेल्या काचेत भुसा कसा जातो याचंही उत्तर मिळालं). आणि फोन एक, पुस्तक एक, त्यातली खूणही एकच. एकाने जिथे दोन रेघा दाबल्या तिथून दुसऱ्याच्या त्रिकोणाला सुरुवात. मागे जाता येतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण बाकी कशालाही बोट लावायचं नाही असं घरातल्या पदवीधराने बजावलं होतं, आणि आपल्या घरातली माणसं माझं कधी नव्हे ते एकदा ऐकून बसली होती. मला स्वतःला मागे जाणं माहीत होतं. पण मी म्हणाले ना, मला ते तंत्र वाटलं.

मग आमटी गार होईपर्यंत प्रत्येकाने आपापली गोष्ट सांगितली आणि एकही दुसरीशी जुळेना. दादाच्या पुस्तकात नुसत्या लढाया होत्या, मुलगी नव्हतीच. त्याला राजा खलनायक वाटत होता. आईच्या पुस्तकात लग्न, सासू आणि तो गुणी धाकटा. माझ्या पुस्तकात खडक आणि मीठ. बाबा आपलं सांगायला तयारच नव्हते. आई म्हणाली, "अहो, आम्ही सांगितलं ना सगळं, मग तुम्हीही सांगा की." तेव्हा ते म्हणाले, "माझ्यात काही नाही होत. आज तो धाकटा गेला, तेवढंच. ती मुलगी दारातून खाली जाते. दार लागतं. म्हातारा रोज संध्याकाळी जिना चढतो, दिवा लावतो, पाण्याकडे बघतो, उतरतो. आणि तो माणूस ते सगळं सावकाश वाचत बसतो. रोज जिना, रोज दिवा. ती काही येत नाही."

दादानेसुद्धा चेष्टा केली नाही, यावरून काय ते समज.

मग आई डोळे पुसत म्हणाली, "हात्तिच्या! तुमचं पुढचं प्रकरण राहिलं वाटतं. येते की ती. दर अमावस्येला, मोठी भरती असते ना, तेव्हा दार उघडतं आणि ती वर येते. मी कालच ऐकलं. येते, बापाचं स्वयंपाकघर आवरते, दिव्याची काच नीट पुसली नाही म्हणून त्याला बोल लावते, जेवते, आणि जाताना अर्धा डबा लोणचं घेऊन जाते." बाबांनी ताटातून मान वर केली. "लोणचं नेते?" "नेते म्हणजे! खाली सगळं खारट, पण लोणच्याची चव कुठली असायला." बाबा उठले, हात धुतले आणि कामाच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. शिसवीचा तो दांडा म्हणजे अडसर होता, शाळेतल्या माझ्या खोलीच्या दाराला आतून लावायला. दोघांनी मिळूनही हलवता येणार नाही असा. बाबांनी तो पुन्हा फळीवर घेतला आणि दोन्ही टोकं रंध्याने उतरवू लागले. "हे काय करताय?" विचारलं, तर म्हणाले, "आतून सहज निघायला पाहिजे. तुला निघायचं असेल तेव्हा खोळंबा नको." आणि थोड्या वेळाने, "उद्या कळवून टाक त्या बाईंना."

तेव्हा आत्या, मी चालले. ट्रंक माळ्यावरून खाली आली आहे. गुडघ्याला जप, काकांना माझा नमस्कार सांग, आणि ते जिवंत असल्याबद्दल मला खरंच आनंद आहे हेही सांग.

तुझी लाडकी आणि अजूनही गोंधळलेली,
भाची

ता. क. तुझा चष्मा आमच्याकडेच राहिला आहे. दादाबरोबर पाठवते.

ता. क. आणखी एक. ते अमावस्येचं प्रकरण ऐकावं म्हणून मी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ते कुठेच नाही. मुलगी वर येत नाही, पुस्तक जिन्यावरच संपतं. मी आईला एकटीला गाठून विचारलं, तर म्हणाली, "तुझ्यात नसेल. माझ्यात होतं." सत्यावर माझी किती निष्ठा आहे हे तुला माहीत आहे, त्यामुळे आता काय करावं ते मला कळत नाही. पण बाबा तुझ्यावर जितका विश्वास ठेवतात तितका कोणावरच ठेवत नाहीत, आणि ते तुला विचारणार आहेत हे नक्की. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं. ते प्रकरण तूही ऐकलं आहेस असं सांग. लोणचं कैरीचं होतं की लिंबाचं ते आईशी आधी ठरवून घे.

ता. क. शेवटचं. पुस्तक मी फोनवरून काढून टाकलं आहे. बाबांना सांगितलं की बिघडलं, कोणीतरी नको तिथे बोट लावलं असणार. आणि शाळेच्या बाईंना होकार कळवताना दर अमावस्येला दोन दिवस रजा मागून घेतली. त्या म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे विज्ञानच शिकवणार ना?" मी हो म्हटलं. रजा मंजूर झाली आहे आणि पहिल्या अमावस्येचं परतीचं तिकीट काढून झालं आहे.